तीच तबकडी, पुन्हा एकदा

संगीताची गोडी असलेल्या कोणत्याही माणसाला त्याचे आवडते गायक विचारावेत. दहा-बारा नावे तो एका दमात सांगतो. मग विचारावे, की यांपैकी कोणाचे एकच गाणे आपण पन्नास वेळा ऐकले आहे? येथे तो थबकतो आणि यादी दोन-तीन नावांवर येते. हिंदुस्थानी ख्यालगायनातील अशा दुसऱ्या यादीत बसतील त्या काही गायकांचा परिचय येथे करून देत आहोत. निवड अर्थातच व्यक्तिगत आहे. ती महाराष्ट्र, गोवा आणि बेळगाव-धारवाड या टापूकडे झुकलेली आहे, हेही मान्य करायला हवे. परंतु गेल्या शतकातील ख्यालाचा फार मोठा भाग याच टापूत घडला आणि मराठी घरांतून त्याच्या तबकड्या व कॅसेटी वर्षानुवर्षे वाजत राहिल्या.

पुन्हा ऐकण्याची सोय सर्वच थोर गायकांच्या बाबतीत उपलब्ध नाही. भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) यांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या मिळवली, १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य घडवले, 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली दिल्या. मात्र त्यांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचीही तीच गोष्ट. १९०२ मध्ये कोलकात्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित झाले आणि भारतात ध्वनिमुद्रणाचे पर्व सुरू झाले. खाँसाहेबांचे निधन १९४६ साली मुंबईत झाले. मधल्या ४४ वर्षांत त्यांची एकही ध्वनिमुद्रिका निघाली नाही. कोल्हापुरात देवल क्लबपाशी त्यांचा पुतळा आहे, पण त्यांचा स्वर कसा लागत होता हे सांगणारा पुरावा मागे राहिलेला नाही.

निदान प्रत्यक्ष पुरावा नाही. अप्रत्यक्ष पुरावा आहे आणि तो शिष्यांच्या गळ्यांत आहे. केसरबाई केरकर यांना खाँसाहेबांची स्वतःची तालीम मिळाली. मल्लिकार्जुन मन्सूर यांना त्यांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ यांची. किशोरी आमोणकर यांना त्यांच्या मातोश्री आणि खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर यांची. हे तीन आवाज एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. तरीही तिघांची ध्वनिमुद्रणे आलटून पालटून ऐकत गेले की काही गोष्टी तिन्हीकडे सापडू लागतात: आवर्तन भरण्याची रीत, तानेचे वळण, समेवर येण्यापूर्वीची एक विशिष्ट लगबग. जे तिघांत समान, ते बहुधा मूळ पुरुषाचे. असा तर्क एकदा ऐकून करता येत नाही.

तीन मिनिटांचा ख्याल

जुन्या तबकड्या ऐकताना प्रथम त्यांची मर्यादा समजून घ्यावी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. मैफलीत तासभर चालणारा राग या मापात बसवायचा म्हणजे स्थायी, अंतरा, थोडी आलापी, चार ताना आणि समाप्ती. अनेकांची त्यात तारांबळ उडाली आहे. ज्यांनी हे साधले त्यांत किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

खाँसाहेब मूळचे उत्तरेतील कैराना गावचे. पण बडोदा, पुणे, बेळगाव असा प्रवास करीत ते मिरजेत स्थिरावले. मैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. दक्षिणेच्या संगीताचा त्यांनी डोळसपणे स्वीकार केला आणि कर्नाटक पद्धतीच्या रचनाही मुद्रित केल्या. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींचे मोजमाप करीत होते, तेव्हा त्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य झाले. पाँडिचेरीकडे जात असताना मद्रासजवळच्या एका लहान रेल्वे स्थानकावर त्यांचे देहावसान झाले. मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते.

त्यांची ध्वनिमुद्रणे दोन काळांतील आहेत. एक गट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, दुसरा आयुष्याच्या शेवटच्या तीन-चार वर्षांतला. ऐकायला सुरुवात दुसऱ्या गटापासून करावी. वसंत, झिंझोटीतली ठुमरी आणि भैरवी या तीन तबकड्या पुष्कळ झाल्या. प्रथम ऐकताना आवाज बारीक आणि किंचित सानुनासिक वाटतो, काहींना तो रुचतही नाही. चार-पाच वेळा ऐकल्यावर आवाजाकडचे लक्ष सुटते आणि तंबोऱ्याकडे जाते. मग ध्यानात येते की गायकाने स्वर तंबोऱ्यातून अलगद उचलला आहे आणि तो पुन्हा तेथेच ठेवला आहे. झिंझोटीतल्या ठुमरीत गांधारावर येण्याची प्रत्येक वेळची वाट निराळी आहे. गदगमध्ये लहानग्या भीमसेन जोशींनी ही तबकडी ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून घर सोडले, ही हकिकत पंडितजी स्वतः सांगत असत. तीन मिनिटांच्या गाण्यापायी एक मुलगा रेल्वेने ग्वाल्हेरपर्यंत जातो, ही गोष्ट एरवी अतिशयोक्त वाटली असती.

येथे एक तांत्रिक सूचना आवश्यक आहे. जुन्या काळातील तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवरच मुद्रित झालेल्या असतील असे नसते. कंपनीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे वेग कमी-अधिक असे. संगणकावर उतरवताना वेग चुकला की गायकाची पट्टी चढते आणि लयही वाढते. अब्दुल करीम खाँ आधीच उंच स्वरात गात. त्यांच्या काही नकला इंटरनेटवर अशा चढ्या वेगात फिरताना आढळतात आणि त्या ऐकून ऐकणारा खाँसाहेबांविषयी गैरसमज करून घेतो. एकाच तबकडीच्या दोन-तीन नकला मिळवून पाहाव्यात. कोणती खरी, हे पुष्कळदा तबल्याच्या नादावरून कळते.

केसरबाई

सूरश्री केसरबाई केरकर यांचा जन्म १८९२ साली गोव्यातील केरी येथे झाला. बालपणी कोल्हापुरात त्यांना अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली, ती अवघे आठ महिने. पुढे रामकृष्णबुवा वझे आणि भास्करबुवा बखले यांच्याकडे थोडेथोडे शिक्षण झाले. विशीच्या अखेरीस अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले आणि त्यानंतर गुरूच्या निधनापर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, ही तालीम चालली.

त्यांच्या तबकड्यांवर राग मोठा आणि वेळ लहान, असा प्रसंग आहे. नटकामोद किंवा कुकुभ बिलावलसारखे जोडराग तीन मिनिटांत मांडताना कोठेही घाई जाणवत नाही, याचे रहस्य त्यांच्या आकारात आणि दमसासात आहे. खुला, भरदार, वरच्या पट्टीतही न चिरकणारा आकार. शब्दांचा आधार कमी, सरगम नाही. सोळा मात्रांचे आवर्तन सुरू झाले की स्वरांची एक अखंड पट्टी उलगडत जाते आणि ती नेमकी समेवर मिटते. हे प्रथम भव्य वाटते. पुढे ते बुद्धीचे काम आहे हे उमजते. तान सरळ वर जात नाही, वाटेत वळते, मागे येते, पुन्हा पुढे सरकते, आणि हे सर्व तबल्याच्या मात्रांशी आतून बांधलेले असते. हा हिशेब हाती लागण्यासाठी एकदा केवळ ठेका ऐकावा, एकदा केवळ गळा आणि मग दोन्ही एकत्र.

बाईंचा स्वभाव करारी होता. मैफलीचे ध्वनिमुद्रण होऊ देण्यास त्या राजी नसत, अशी त्यांची ख्याती होती. परिणामी आज जे शिल्लक आहे ते मुख्यतः तबकड्यांवरचे. त्यांतलीच एक भैरवी अमेरिकेच्या 'व्हॉएजर' यानांवरील सुवर्ण तबकडीसाठी निवडली गेली. १९७७ च्या २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर रोजी ही दोन याने सुटली. १६ सप्टेंबरला मुंबईत केसरबाईंचे निधन झाले. यांपैकी पहिल्या क्रमांकाचे यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले आहे. या योगायोगाची चर्चा आपल्याकडे फार होते. मूळ भैरवी ऐकलेले लोक मात्र त्या मानाने थोडे भेटतात.

अनवट रागांची वाट

मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०-१९९२) यांच्याबाबत अनुभव उलटा येतो. केसरबाई पहिल्याच ऐकण्यात दिपवतात. मन्सूर पहिल्या ऐकण्यात निसटतात. त्यांनी आरंभी मिरजेच्या नीळकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतली आणि तरुणपणीच तबकड्यांमुळे नाव मिळवले. नंतर मंजी खाँ भेटले. १९३७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर भुर्जी खाँ यांच्याकडे शिक्षण पुढे चालू राहिले. देशव्यापी कीर्ती मात्र पुष्कळ उशिरा, साठीच्या आगेमागे आली. त्यामुळे त्यांची उत्तम ध्वनिमुद्रणे वृद्धपणीची आहेत. आवाज बारीक झालेला, किंचित कापरा. परंतु त्यातली धाव पंचविशीतल्या माणसाची.

लांबलचक प्रास्ताविक आलापी त्यांच्याकडे नाही. ते थेट बंदिशीवर येतात, मध्यलयीच्या जवळची गती धरतात आणि राग व ताल दोन्ही एकदमच उलगडू लागतात. त्यात राग अनवट: शुद्ध नट, बिहारी, खट, शिवमत भैरव. श्रोता रागाचे नाव शोधत असतो, तोवर ते दोन आवर्तने पुढे गेलेले असतात. अशा वेळी नाव शोधणे सोडून द्यावे. बंदिशीचा मुखडा तेवढा मनात धरून ठेवावा. तिसऱ्या-चौथ्या खेपेस मुखड्याभोवतीचे स्वर ओळखीचे होतात आणि रागाचा नकाशा आपोआप तयार होतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी त्यांच्या शुद्ध नटाची एक कॅसेट होती आणि तिची पहिली बाजू ऐन तानेत संपत असे. ती उलटून लावेपर्यंतचे सात-आठ सेकंद घरात कोणी बोलत नसे. पुढे तेच ध्वनिमुद्रण सलग मिळाले, तेव्हा त्या जागेवर काहीतरी चुकल्यासारखे वाटले.

ऐकून ऐकून जे सोडले

वारंवार ऐकण्याचा एक धोका कुमार गंधर्वांच्या (१९२४-१९९२) चरित्रातून ध्यानात येतो. बेळगावजवळच्या सुळेभावीचा हा शिवपुत्र कोमकली नावाचा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐके आणि त्या हुबेहूब गाऊन दाखवी. १९३६ मध्ये मुंबईच्या जिना हॉलमधील संगीत परिषदेत त्याने श्रोत्यांना थक्क केले. हीच अवस्था कायम राहती तर आज त्याचे नाव एक अद्भुत नकलाकार म्हणून कोठेतरी नोंदले गेले असते. बी. आर. देवधर यांच्याकडील शिक्षणाने त्याला स्वतःचा विचार करायला लावले. मग क्षयाने गाठले. १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला गेलेल्या कुमारांना काही वर्षे गाणे पूर्णपणे बंद ठेवावे लागले. अंथरुणावर पडून कानी येत ती माळव्यातील स्त्रियांची लोकगीते, भिकाऱ्यांची व साधूंची गाणी. आजारातून उठल्यावर ते गायला बसले, तेव्हा दमसासाची लांब पट्टी त्यांच्या आवाक्यात उरली नव्हती आणि तबकड्यांवरचा उसना आवाजही.

लहान लहान स्वराकृती, अचानक तार सप्तकात टाकलेली फेक, तितक्याच अचानक आलेली शांतता, अशी त्यांची गायकी आहे. परंपरानिष्ठ रसिकांना ती दीर्घकाळ खटकली, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. रागाची सावकाश होणारी बढत ज्याला हवी, त्याला कुमारांकडे ती क्वचितच मिळते. लोकधुनांतून त्यांनी मालवती, संजारी, सहेलीतोडी, मधसुरजा, लगनगंधार असे राग घडवले. त्यांच्या स्वररचनांचा 'अनूपरागविलास' हा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्गुणी भजनांनी त्यांना घरोघरी नेले. तथापि पुन्हा पुन्हा ऐकण्यासाठी सुचवावासा वाटतो तो 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम. बालगंधर्वांची पदे महाराष्ट्राने जितकी ऐकली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाची ऐकली असतील, आणि तितकीच त्यांची नक्कलही झाली. कुमारांनी त्याच पदांकडे पाहून यातले आपल्याला काय कळले एवढेच गाऊन दाखवले. बालगंधर्वांची मूळ तबकडी आधी, कुमारांचे पद नंतर आणि मग पुन्हा मूळ तबकडी, या क्रमाने ऐकावे. तिसऱ्या खेपेस मूळ गाणे निराळे वाटते.

भूप म्हणजे कोणता भूप?

धोक्याची दुसरी बाजू श्रोत्याकडे आहे. किशोरी आमोणकर (निधन २०१७) यांनी गायलेला भूप लाँग प्ले तबकडीवर आला आणि एका संपूर्ण पिढीसाठी भूप म्हणजे तोच, असे होऊन बसले. त्याला कारणही तसेच आहे. सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर. देशकाराचेही हेच पाच. भूपात गांधाराला मान, देशकारात धैवताला. सीमारेषा एवढी बारीक. किशोरीताई गांधाराकडे अशा येतात की तो स्वर ठिकाणावर बसण्यापूर्वी पूर्णपणे उजळतो. मोगूबाईंकडून मिळालेली लयीची घट्ट बांधणी त्यांनी विलंबित आलापीसाठी सैल केली, आणि त्यासाठी घराण्यातल्याच जाणकारांची टीका सोसली. केसरबाईंच्या तबकडीनंतर लगेच हे ऐकले तर दोघींची गुरुपरंपरा एक आहे यावर विश्वास बसत नाही. बंदिशीत तान सुरू झाली की बसतो.

हे ध्वनिमुद्रण जरूर ऐकावे आणि अनेकदा ऐकावे. मात्र ध्वनिमुद्रण बदलत नसते, राग बदलत असतो. त्याच किशोरीताईंनी मैफलींत भूप निरनिराळा मांडला आहे आणि त्यांतील काही मैफलींची ध्वनिमुद्रणे आता सहज मिळतात. केवळ एका तबकडीवर कान पोसला की दुसऱ्या गायकाचा भूप 'चुकीचा' वाटू लागतो. सभागृहात शेजारी बसून अशी नापसंती हलक्या आवाजात व्यक्त करणारे रसिक आपल्या परिचयाचे असतीलच.

भीमसेन जोशींच्या (१९२२-२०११) बाबतीत ही अतिपरिचयाची अडचण अधिकच आहे. आषाढी एकादशीला गल्लोगल्ली लागणारे त्यांचे अभंग आपण आता ऐकत नाही, ते नुसते कानावर पडतात. काही महिने ते बाजूला ठेवून शुद्ध कल्याण किंवा मुलतानीचे एखादे दीर्घ ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि मंद्रातून षड्जापर्यंत यायला ते किती वेळ घेतात तेवढेच पाहावे. उस्ताद अमीर खाँ (निधन १९७४) यांच्या एका तबकडीच्या दोन बाजूंना मारवा आणि दरबारी आहेत. अतिविलंबित लयीची सवय नसलेल्यांनी आरंभ त्या मारव्यापासून करावा, पण संध्याकाळी आणि घरात वर्दळ नसताना.

ही सर्व ध्वनिमुद्रणे आज भ्रमणध्वनीवर विनामूल्य ऐकता येतात, याचे श्रेय कंपन्यांइतकेच हौशी संग्राहकांना आहे. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संस्थेच्या सभासदांनी जुन्या बाजारातून, अडगळीतून तबकड्या शोधून त्यांच्या नोंदी केल्या. लाखेच्या तबकड्या फुटतात, चुंबकीय फितींना बुरशी येते. खासगी मैफलींच्या कित्येक फिती अजूनही कपाटांत पडून आहेत. इंटरनेटवरील ध्वनिमुद्रणांची नावे तपासून घ्यावीत. रागाचे नाव चुकलेले असते, वर्ष अंदाजाने घातलेले असते, प्रसंगी गायकही दुसराच निघतो.

कोठून प्रारंभ करावा असे कोणी विचारलेच, तर अब्दुल करीम खाँ यांची भैरवी आणि केसरबाईंची भैरवी एकापाठोपाठ लावावी. राग एक, तबकडीचे माप एक, आणि गाणारी दुसरी व्यक्ती पहिल्याकडे बालपणी आठ महिने शिकलेली. दोन्ही मिळून सात मिनिटेही होत नाहीत.